विकास बँकेचं धोरण बदलायचंय? आधी वीजबिल मागवा

भाच्याचा पुण्याहून फोन आला. त्याच्या सल्लागार कंपनीला एक टिपण लिहायचंय: आशियाई विकास बँकेसारख्या प्रादेशिक विकास बँकेने आपलं दीर्घकालीन धोरण कसं बदलावं. "मावशी, तू असल्या कर्जाचे हिशेब ठेवलेस ना इतकी वर्षं? दोन ओळींत सांग." म्हटलं, सांगून राहिले, लिहून घे. माझ्या ‘सांगून राहिले’ला तो नेहमीसारखा हसला. हसू दे. इंदूरची मराठी अशीच आहे, आमच्या राजेंद्र नगरात त्यावर कुणी हसत नाही.

मी काही अर्थतज्ज्ञ नाही. बँकेची मनिलातली इमारत मी फोटोतच पाहिली आहे. माळव्यातल्या एका गावी विदेशी कर्जातून पाणी योजना चालली होती, तिथे मी लेखा शाखेत प्रतिनियुक्तीवर होते. गावाचं नाव घेत नाही. ठेकेदाराचं बिल आधी आपण भागवायचं, मग दाव्याचे कागद भोपाळला, तिथून दिल्लीला कंट्रोलर ऑफ एड अकाउंट्सकडे, म्हणजे विदेशी कर्जाचे हिशेब पाहणाऱ्या केंद्राच्या कचेरीकडे, तिथून बँकेकडे. एका कागदावर एक सही राहिली की गड्डा परत. बँकेचं धोरण मी असं खालून वाचलंय. तुम्ही ते वरून लिहायला बसला असाल, तर या सूचना तुमच्यासाठी.

आधी वीजबिल

बँकेने पंधरा-वीस वर्षांपूर्वी पैसे दिलेल्या दहा योजना निवडा. चांगल्या निवडू नका, चिठ्ठ्या टाका. प्रत्येक ठिकाणचं गेल्या महिन्याचं वीजबिल, दुरुस्तीचा खर्च आणि वसुलीचा आकडा मागवा. पूर्णत्वाचा अहवाल मागवू नका, तो काम संपतं तेव्हाचा असतो. लग्नाच्या अल्बमवरून संसार कळत नाही.

हे मी इंदुरात राहते म्हणून सांगते. आमचं पाणी नर्मदेचं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्य चढून येतं. पहिला टप्पा १९७८ सालचा. २००३ मध्ये आशियाई विकास बँकेने मध्य प्रदेशच्या चार शहरांसाठी, म्हणजे भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूरसाठी, पाणीपुरवठ्याचं कर्ज मंजूर केलं. पाइप एकदाच टाकायचा असतो, पण पाणी रोज चढवायचं असतं, आणि ते विजेवर चढतं. त्या विजेचा खर्च इतका, की फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, थेट लोकांना विकले. कशासाठी? जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून पंपाची वीज स्वस्त करायला. व्याज ८.२५ टक्के. मागणी विक्रीच्या कितीतरी पट आली. आमच्या गल्लीतल्या एका काकांनीही अर्ज भरला होता. "अपनेच पाणी के लिए अपना पैसा," असं ते पोह्यांच्या गाडीवर सगळ्यांना ऐकवत होते.

नदी खाली आणि शहर वर आहे, हे १९७८ मध्येही दिसत होतं. विजेची सोय करायला शहराला २०२३ साल उजाडलं. कर्जाचं आयुष्य साधारण २५ वर्षं असतं आणि धोरणपत्राचं दहा-बारा. खर्चाचा खरा भार बहुतेक वेळा त्या दहा-बारा वर्षांनंतर येतो, तेव्हा धोरण लिहिणारे दुसरीकडे गेलेले असतात. म्हणून पहिली दुरुस्ती ही करा: धोरणाची मुदत कर्जाच्या मुदतीएवढी धरा. उद्दिष्ट ‘अमुक वर्षापर्यंत इतकी मंजुरी’ असं लिहू नका. ‘पंधराव्या वर्षी इतक्या योजना स्वतःच्या वसुलीवर चालतात’ असं लिहा. हा आकडा कमी येईल. येऊ द्या.

जुनी धोरणं एकाखाली एक ठेवा

आशियाई विकास बँक १९६६ ची. तिचे धोरणाचे मोठे कागद थोडेच आहेत: १९९९ चं गरिबी निर्मूलनाचं धोरण, २००१ चा पंधरा वर्षांचा आराखडा, एप्रिल २००८ चं ‘धोरण २०२०’, जुलै २०१८ चं ‘धोरण २०३०’ आणि २०२४ चा मध्यावधी आढावा. हे सगळे शेजारी शेजारी मांडा आणि तीन रकाने आखा: सुरू, चालू, बंद.

पहिले दोन रकाने पटकन भरतात. २००८ मध्ये पाच मुख्य क्षेत्रं होती, २०१८ मध्ये सात प्राधान्यं झाली, २०२४ मध्ये त्यांवर आणखी पाच ‘भर देण्याचे’ विषय आले. तिसऱ्या रकान्यापाशी पेन अडतं. आमच्याकडे माळा भरतो तसंच हे. नवं वर चढवायला सगळे तयार, जुनं खाली काढायला कुणी शिडी धरत नाही.

पण भाच्याला मी ‘बंद करा, बंद करा’ एवढंच सांगितलं नाही, कारण त्यात एक फसगत आहे. २००८ च्या धोरणाने शेती आणि आरोग्य मुख्य यादीत घेतले नाहीत, ‘इतर’मध्ये टाकले. त्याच वर्षी जगभर अन्नधान्याच्या किमती भडकल्या. दहा वर्षांनी ग्रामीण विकास आणि अन्नसुरक्षा यादीत परत आली. आरोग्याचं तर २०२० ने दाखवूनच दिलं: एप्रिलमध्ये बँकेला २,००० कोटी डॉलरचं कोविड पॅकेज जाहीर करावं लागलं, भारतालाच १५० कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, डिसेंबरात लसींसाठी वेगळे ९०० कोटी डॉलर. म्हणजे बाजूला सारलेला विषय धावत परत आला.

मग बंद कसं करायचं? कर्ज बंद करा, माणसं ठेवा. ज्या क्षेत्रातून बाहेर पडताय तिथले दोन-चार जाणकार पगारावर राहू द्या, आणि ‘बंद’च्या नोंदीपुढे लिहा: काय घडलं तर हे पुन्हा उघडायचं. नुसतं ‘गरज भासल्यास’ लिहिलंत तर माझ्यासारखी लेखापाल लाल पेनाने गोल करेल. कोणता आकडा, किती वर गेला की, कुणाच्या सहीने, एवढं हवं.

तिजोरी किती, ते समजून घ्या, पण तिथेच रमू नका

हा भाग सल्लागारांना फार आवडतो, म्हणून थोडक्यात. विकास बँक ठेवी घेत नाही. भागधारक देशांचं थोडं रोख भांडवल आणि बाकी हमी, यांच्या जोरावर सर्वोच्च पतमानांकन मिळवून ती बाजारातून स्वस्तात पैसे उचलते. पत गेली की धंदा गेला. या चौकटीत जागा करायची तर दोन वाटा: भागधारकांकडे नवं भांडवल मागा, नाहीतर आहे तेच जास्त ताणा. आशियाई विकास बँकेने दुसरी वाट दोनदा धरली. २०१७ मध्ये सवलतीच्या कर्जांचा निधी मुख्य भांडवलात मिसळला, त्याने भांडवल जवळजवळ तिप्पट झालं. २०२३ मध्ये भांडवल पर्याप्ततेचे, म्हणजे किती कर्जामागे किती भांडवल राखायचं याचे, नियम बदलून पुढच्या दहा वर्षांत १०,००० कोटी डॉलरची जास्तीची जागा काढली. त्याच वर्षी भारताच्या जी-२० अध्यक्षपदाच्या काळात एन. के. सिंग आणि लॅरी समर्स या अर्थतज्ज्ञांच्या समितीने सगळ्याच विकास बँकांना कर्जवाटप तिप्पट करायला सांगितलं.

जागा झाली, ठीक. पण वाढीव कर्जाचं उद्दिष्ट धोरणाच्या पहिल्या पानावर छापू नका. ते छापलं की खालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला मार्चअखेरची घाई सुटते. (बँकेचं वर्ष डिसेंबरात संपतं, घाई तीच.) मोठं कर्ज मंजूर करून घेणं सोपं असतं, ते उचलणं अवघड. आणि न उचललेल्या रकमेवरही आशियाई विकास बँक वर्षाला ०.१५ टक्के बांधिलकी शुल्क घेते. दहा कोटी डॉलर नुसते पडून राहिले तर वर्षाला दीड लाख डॉलर. मी ज्या गावी होते तिथे जमीन ताब्यात नव्हती, रेल्वेखालून पाइप न्यायची परवानगी नव्हती, आणि कर्जावर सह्या होऊन गेल्या होत्या. हे शुल्क कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचं यावर आमच्या कचेरीत तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. पाण्याचा थेंब नव्हता, मीटर मात्र चालू होता.

तेव्हा नियम असा घाला: जमीन, परवानग्या आणि पहिल्या कामाची निविदा तयार असल्याशिवाय मंजुरी नाही. मंजुरीचे आकडे पहिली दोन वर्षं पडतील. संचालक मंडळाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या तिमाहीत नियम गुपचूप सैल होतो.

डॉलर कुणाच्या डोक्यावर?

मला विचाराल तर धोरणाचं मर्म इथे आहे, आणि धोरणपत्रात याला बहुधा दोन परिच्छेद मिळतात.

पाणीपट्टी रुपयात येते. कर्ज डॉलरमध्ये. २००३ च्या अखेरीस डॉलर सुमारे ४५ रुपयांना होता, २०२३ च्या अखेरीस ८३ च्या वर. कुणी म्हणेल, डॉलरचं व्याज कमी असतं, त्यात ही घसरण बरीचशी भरून निघते. बरोबर आहे. पण ते वीस वर्षांच्या सरासरीचं गणित झालं, आणि हप्ता सरासरीने भरता येत नाही. ज्या वर्षी रुपया घसरतो, त्याच वर्षी तेल महागतं, वीज महागते, आणि त्याच वर्षी पाणीपट्टी वाढवायला कुठलाही नगरसेवक हात वर करत नाही.

हे ओझं कोण वाहतं, तेही आपल्याकडे बदललंय. पूर्वी केंद्र सरकार विदेशी कर्ज घेऊन राज्यांना रुपयात, काही भाग कर्ज आणि काही अनुदान असं देई. विनिमयाचा धोका केंद्राचा. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ पासूनच्या नव्या योजनांना, कर्ज ज्या अटींवर आलं त्याच अटींवर राज्याला मिळू लागलं. धोका राज्याच्या गळ्यात आला. मनिलातल्या कागदावर कर्जदार तोच, ‘भारत’. भोपाळमधल्या कागदावर सगळं बदललेलं. धोरण लिहिणाऱ्याने प्रत्येक मोठ्या कर्जदार देशाबद्दल हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे: डॉलर चढला तर शेवटी कुणाचा खिसा हलका होतो? उत्तर वित्त मंत्रालयात मिळणार नाही, योजना चालवणाऱ्या कचेरीत मिळेल.

आणि उपाय नाही असं नाही. आशियाई विकास बँकेने २००४ मध्येच भारताच्या देशी बाजारात ५०० कोटी रुपयांचे रोखे विकले होते. असं करणारी ती पहिली विदेशी संस्था. ब्रिक्स देशांच्या शांघायमधल्या नव्या विकास बँकेने २०२२ ते २०२६ च्या धोरणात ३० टक्के कर्ज सदस्य देशांच्या स्वतःच्या चलनात देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. तुमच्या धोरणातही असा आकडा घाला, पण सरसकट नको. ज्या योजनेचं उत्पन्न स्थानिक चलनात, तिला कर्जही स्थानिक चलनात, हा मूळ नियम. डॉलर हवा असेल तर कारण लेखी. स्थानिक चलनाचं कर्ज महाग दिसेल. दिसू द्या. डॉलरच्या कर्जात ती महागाई लपलेली असते इतकंच.

शाबासकी कशाची मिळते ते तपासा

ज्या गावी मी होते तिथे एक उंच टाकी झाली. काम चांगलं, वेळेत, रंगसुद्धा छान. तिच्यापासून वस्तीपर्यंतची वितरण वाहिनी दुसऱ्या निविदेत होती, ती निविदा अडकली. टाकी पूर्ण म्हणून नोंदली गेली, दावा मंजूर झाला, आकडा वरच्या तक्त्यात गेला. ती नोंद मीच केली होती. नियमाप्रमाणे चूक काहीच नव्हतं. टाकीखाली पोरं क्रिकेट खेळायची आणि बायका हातपंपावर जायच्या, आणि माझ्या रजिस्टरात ते गाव ‘पाणीपुरवठा क्षमता निर्माण’ झालेलं होतं.

अशा नोंदी कुणी वाईट हेतूने करत नाही. रकानाच तसा असतो. म्हणून धोरण बदलायचं तर घोषवाक्य बदलून भागत नाही, रकाना बदलावा लागतो. कर्ज मंजूर करून घेणाऱ्या अधिकाऱ्याची बढती मंजुरीवर ठरते की दहाव्या वर्षी नळाला पाणी येतं का यावर, हे बँकेच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या. अधिकारी दर तीन-चार वर्षांनी बदलतात, त्यामुळे दहाव्या वर्षाचं श्रेय-अपश्रेय कुणाला द्यायचं, हा प्रश्न खरा आहे. माझं उत्तर साधं आहे: प्रत्येक कर्जाची एक वही, तीत प्रत्येक अधिकाऱ्याची येतानाची आणि जातानाची सही. आमच्या स्टोअरकीपरला हे जमतं. वीस दांड्यांचा चार्ज देतानाही तो मोजून देतो.

हवामानाच्या आकड्यांना हीच कसोटी लावा. आशियाई विकास बँकेचं उद्दिष्ट आहे की २०३० पर्यंत ७५ टक्के कामं हवामान बदलाला तोंड देणारी असावीत, आणि २०१९ ते २०३० मध्ये १०,००० कोटी डॉलर त्यासाठी जावेत. आता विचारा: ७५ टक्के हे कामांच्या संख्येवर की रकमेवर? (संख्येवर. म्हणून २०२४ च्या आढाव्यात रकमेच्या निम्म्याचं वेगळं उद्दिष्ट ठेवावं लागलं.) पंपाला सौर वीज जोडली तर पूर्ण योजना हिरवी धरायची की तेवढा पंप? आणि गळती थांबवणारं, काहीच न बांधणारं काम यात बसतं का? वाचलेला प्रत्येक लिटर म्हणजे विंध्य न चढलेला लिटर. त्याची फीत मात्र कापता येत नाही.

कुणाला कर्ज द्यायचं, कुणाला नाही

भारत या बँकेचा संस्थापक सदस्य, पण कर्ज घ्यायला लागला १९८६ पासून. वीस वर्षं छोट्यांसाठी जागा मोकळी राहिली. आता भारत मोठ्या कर्जदारांपैकी एक आहे, आणि इंदूरसारखं शहर स्वतःच्या नावावर बाजारातून पैसे उचलून दाखवतं. मग बँकेने आमच्यातून निघून जावं का?

भाच्याला वाटतं, जावं. मला तसं वाटत नाही, पण बँक इथे करते ते काम बदला. पाइपासाठी पैसे आता आम्हाला मिळतात. मिळत नाही ते कंटाळवाणं: मीटर, गळतीचा शोध, मालमत्तेची नोंदवही, दुहेरी नोंद पद्धतीने हिशेब ठेवू शकणारा एक माणूस. ज्या शहराचा ताळेबंद धड नाही त्याला बाजार उभा करत नाही. इंदूरच्या पंक्तीत देवास आणि खरगोन ही आसपासची छोटी शहरं कशी येतील, यावर पैसे खर्चा. त्याला कर्ज थोडं लागतं आणि माणसं फार लागतात, म्हणून कुठल्याच बँकेला ते आवडत नाही. उरलेलं भांडवल प्रशांत महासागरातल्या किरिबाती-तुवालूसारख्या बेटांकडे वळवा. त्यांना कर्ज नको, अनुदान हवं.

लिहिण्याबद्दल

मसुदा वीस पानांत बसवा. ज्या राज्यांत कर्ज जातं तिथल्या भाषेत तो छापा. माझ्या वेळी बँकेचे सगळे नियम इंग्रजीत, आमचे निम्मे उपयंत्री हिंदी माध्यमाचे. बँकेची ‘ना हरकत’ नेमकी कशाला लागते यावर प्रत्येकाचं मत वेगळं. सल्लामसलत राजधानीच्या हॉटेलात ठेवाल तर तेच बारा लोक येतील. पंपगृहात ठेवा, चालकाला बोलू द्या. तिथे आवाज फार असतो, ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे भाषणं आपोआप आखूड होतात.

मध्यावधी आढावा पाचव्या वर्षी होणारच असेल, तर त्यात काय बदलता येईल आणि काय नाही, हे आत्ताच लिहून ठेवा. नाहीतर नवा अध्यक्ष येतो आणि आढाव्याच्या नावाखाली नवं धोरण लिहितो.

भाच्याने परवा मसुदा पाठवला. एकोणचाळीस पानं आहेत. तिसरा रकाना आहे. त्यात दोन नोंदी होत्या, त्यातली एक कुणीतरी वरिष्ठाने खोडली आहे. कोणती होती ते विचारायला मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "मावशी, मीटिंगमध्ये आहे, रात्री सांगतो."